पाच फूट कोरं पीठ

भानामतीच्या किती बातम्या मी ‘पुरावा काय?’ विचारून बाजूला ठेवल्या, त्याची मोजदाद नाही. तालुका बातमीदाराचं ते कामच. ही त्यांच्यातलीच एक वाटली, तर वाटू द्या…

ठिकाण — लोहारा, आमचं तीन खोल्यांचं घर. माझी मुलगी मनू, वय चार. माझी बायको सुनंदा वारली, त्यानंतर दोन महिन्यांत मनूची चाल बिघडली. उजवी टाच टेकायचीच नाही. चवड्यावर लंगडत चालायची. एक्स-रे, रक्त, पायांची लांबी… सगळं नॉर्मल. धाराशिवच्या फिजिओथेरपिस्ट मॅडम म्हणाल्या, "इथं ती घाबरून चालते. घरी फरशीवर पीठ पसरा, तिच्या नादात चालू द्या, ठशांचे फोटो पाठवा. टाच उमटलीच नाही तर एमआरआय करू. लहान आहे, भूल द्यावी लागेल."

सुनंदा ऑपरेशनच्या भुलीतून उठलीच नव्हती.

रविवारी दुपारी मधल्या खोलीत ज्वारीचं पीठ चाळून पसरलं. आमच्याकडं माणूस गेलं की दिव्यापाशी पीठ पसरून त्यात गेलेल्याची पावलं उमटली का बघतात. सुनंदाच्या वेळी मी ते करू दिलं नव्हतं. माझी आई भडकली. "तवा न्हाय म्हनलास, अन् आता जित्या लेकरापुढं पसरतूस व्हय? लई शिकलास!" ती अंगणात जाऊन बसली. पीठ पसरण्याआधीच मी मागच्या दाराला आतून कडी लावली होती, मनूला स्वयंपाकघरात खेळत ठेवलं होतं. आता अंगणात येऊन हाक मारली. आत दुसरं कुणी नव्हतं.

मनू आली. पाय पांढरे.

पहिले सहा ठसे — उजव्या पायाचा नुसता चवडा. नंतर काहीच नाही. टेपनं मोजलं : पाच फूट दोन इंच कोरं पीठ. पुढं चार ठसे. दोन्ही टाचा पूर्ण टेकलेल्या, कडा कुठंही फिसकटलेल्या नाहीत.

"मनू, मधी उडी मारलीस?"

"न्हाय. कडंवर घेतलं की."

"कुणी?"

ती पायाचं पीठ झटकून आजीकडं पळाली, टाचा टेकवत.

तेव्हापासून ती सरळ चालते. मॅडमनी तपासून एमआरआय रद्द केला, फोटो बघून एवढंच विचारलं, "मधलं पीठ पुन्हा पसरलंत का?" नाही म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मनू अंगणवाडीत गेल्यावर मी पुन्हा पीठ पसरलं. अनवाणी चाललो… हळू, मधे दोनदा थांबलोही. भिंतीपाशी पोचून मागं पाहिलं.

ठसे सलग होते.