मुहूर्ताचा नारळ

आमच्या साहेबांनी झांबियात जाऊन नारळ फोडला आणि माझ्या इतक्या वर्षांच्या मेहनतीवर पाणी पडायची वेळ आली.

तिथला सौरऊर्जा प्रकल्प आम्ही बेलापूरच्या ऑफिसातून उभा करत होतो. पॅनेल बसवायला फारसा वेळ लागत नाही. वेळ जातो तो बँकेला हो म्हणायला लावण्यात, आणि नेमकं तेच माझं काम. परदेशी बँकेने प्रश्न विचारायचे, मी उत्तरं द्यायची, त्या उत्तरांतून तिने नवे प्रश्न काढायचे. वीज तिथलं सरकार घेणार होतं, पण वर्षअखेरीपर्यंत काम सुरू झालं नाही तर तो करार रद्द. जमीन गावांची. मक्याची कापणी उरकली की गावांचा प्रमुख, ज्याला तिथे चीफ म्हणतात, सभा घेऊन संमती देणार होता. तोवर जागेवर कुदळ लावायची नाही, ही बँकेची अट.

साहेब नुसती जागा बघायला म्हणून गेले आणि मध्ये अक्षय्य तृतीया आली. साडेतीन मुहूर्तांतला एक, तो वाया कसा घालवायचा? नारळ, हळदकुंकू, उदबत्ती सगळं बॅगेत होतंच. भाड्याचा जेसीबी आणून झुडपं साफ केली, पूजा मांडली, कुदळ मारली आणि ‘शुभारंभ’ असं लिहून फोटो प्रकल्पाच्या ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपवर बँकेची माणसं होती!

दुसऱ्या दिवशी बँकेने कर्ज थांबवलं. चीफ राजी झाला तरच पुढचं बोलू, म्हणाली. साहेब परतले ते पेढे घेऊन.

“अगं, देवाचं काम केलंय, त्यात टेन्शन कसलं? हवं तर अजून एक फोडू.”

मला त्यांचं डोकं फोडावंसं वाटत होतं. मी पेढा घेतला आणि व्हिडिओ कॉल लावला, कारण चीफची माफी मागायचं कामही अर्थात माझ्याकडेच आलं.

चीफ म्हातारा होता, आंब्याच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसला होता. तिथला आमचा सहकारी त्याचं बोलणं इंग्रजीत सांगत होता. पूजेबद्दल त्याची काही तक्रार नव्हती. त्याने एवढंच विचारलं, “तुमच्याकडे दुसऱ्याच्या जमिनीवर न विचारता कुदळ मारतात का?”

“छे, मुळीच नाही,” मी म्हणाले. विचार करून सांगतो म्हणून त्याने कॉल संपवला.

संध्याकाळी ऑफिसजवळच्याच करावे गावातल्या घरी येऊन मी सगळा राग वडिलांपुढे ओकला. साहेब कसे मूर्ख, बँक कशी छळवादी आणि आता हा चीफ कसा अडून बसलाय. त्याचा प्रश्न आणि माझं उत्तरही सांगितलं. वडील जाळं शिवत होते. खाडीवर जाणं कमी झालंय, पण ती सवय सुटत नाही.

“नाय म्हनालीस?” ते म्हणाले. “खोटं कशाला बोललीस त्याला? ह्या शहरासाठी सरकारनं आपली शेतं घेतली तवा आमाला कोनी इचारलं? बदल्यात जागा देतो म्हनाले, तिची वाट बगतोय आजून.”

मला त्यांचाही राग आला. दिवसभराच्या कटकटीनंतर हे ऐकायची माझी तयारी नव्हती. आणि ते खरं होतं, म्हणून जास्तच.

पुढच्या कॉलला साहेब शेजारी येऊन बसले. मी चीफला सांगितलं, “परवा मी चुकीचं बोलले. आमच्याकडेही न विचारता कुदळ मारतात. आमच्याच शेतांवर मारली होती. वडील अजून बदल्यातल्या जागेची वाट बघताहेत.” साहेबांनी कपाळाला हात लावला. आता प्रकल्प बुडालाच, असं मलाही वाटलं.

चीफने सहकाऱ्याला ते पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाला, “आधी ठरलं तसंच, कापणी झाल्यावर सभा घेईन. तुझ्या साहेबाने यावं, सगळ्यांसमोर खाली बसावं आणि विचारावं. मग मी हो म्हणेन.”

साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला आणि लगेच फोनवर विमानाची तिकिटं शोधायला लागले. मी आभार मानून कॉल बंद करणार, तेवढ्यात चीफने पुन्हा काहीतरी विचारलं. सहकारी जरा अडखळला, मग त्याने सांगितलं.

“ते विचारतायत, तुझ्या वडिलांना विचारायला कोण येणार आहे?”

साहेबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.