पेन्सिलीनं बुजवलेली रेघ

संपादक मंडळींनो, सगळे खुशाल ना? तुमच्यातल्या अण्णांचा दमा बसला का? हसनाबादच्या मास्तरांचा गुडघा कसा आहे? प्रोफेसरसाहेबांच्या घरी वहिनींचे डोळे आता बरे असतील. मी ठीक आहे; हात तेवढा थरथरतो.

प्रोफेसर दिगंबररावांची साठी होते आहे, म्हणून तुमच्या गौरवग्रंथासाठी ही आठवण. त्यांची माझी ओळख निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शननंतरच्या वर्षातली. कॉलेजात अंधारखोली नव्हती, म्हणून काळ्या कागदात गुंडाळलेली फिल्म घेऊन ते नव्या जालन्यातल्या माझ्या स्टुडिओत आले. क्ष-किरणाची म्हटल्यावर मी विचारलं, कोणाचं हाड मोडलं? ते हसले. चौथी शिकलेल्या मला स्टुलावर बसून तासभर समजावून सांगितलं : क्ष-किरण तांब्याच्या क्षारातून सोडायचे, त्यांचा वर्णपट फिल्मवर घ्यायचा, अन् त्यातल्या कडा-रेघांवरून रेणूच्या आत इलेक्ट्रॉन कसे नांदतात ते ओळखायचं. पुढं प्रत्येक फिल्म धुतली की भिंग आधी माझ्या हाती देत.

दोन वर्षांनी परदेशी मासिकानं त्यांचा लेख स्वीकारला. पेढे घेऊन ते आधी माझ्याकडं आले. एका क्षारात कडेजवळची फिकट रेघच नाही, हा त्यांचा शोध. मी कौतुकानं बोलून गेलो, "साहेब, रेघ होती की. मला ओरखडा वाटला. नवरीच्या गालावरचा व्रण बुजवतो तशी पेन्सिलीनं बुजवली, बराबर दिसावं म्हून."

पेढा त्यांच्या हातातच राहिला.

"किती फिल्मांवर?"

"ह्या एकीवरच, साहेब."

 त्यांनी माझ्याच गल्ल्यावरचा कागद घेऊन लेख मागे घेत असल्याचं पत्र लिहिलं. माझं नाव घाला म्हणून मी हात जोडले.

"दुसऱ्यांदा फिल्म घेऊन पाहिली न्हाई ती मी, शंकरराव. तुमचं नाव कशाला?"

नव्या फिल्मवर रेघ निघाली. डॉक्टरेट लांबली. विद्वान मंडळी त्यांना उतावळे म्हणत राहिली, पण साहेबांनी माझं नाव कुठं घेतलं नाही. मला तर वाटलं होतं, आता हे आपल्या दुकानाची पायरी चढत न्हाईत. अन् ती नवी फिल्म त्यांनी धुवायला माझ्याकडंच आणलेली! त्या धक्क्यातून मी अजून सावरलो नाही.

"धुवा," म्हणाले, "पेन्सिल तेवढी माझ्या खिशात टाका."

साहेबांना उदंड आयुष्य लाभो, डोळे अन् गुडघे शेवटपर्यंत साथ देवोत. हा मजकूर ते नको म्हणतील. त्यांचं ऐकू नका. त्यांना उतावळे म्हणणारेही हा ग्रंथ वाचतील. एक ओळही न खोडता छापता का, ते जल्दी कळवा.