हिंव उतरण्याआधी

आमच्या फुलपाड्याच्या इमारतीत हिवाळा मोबाइलवर येतो. पारा जरा घसरला की ग्रुपवर गुलाबी थंडीच्या शुभेच्छा सुरू, आणि माणसं जाकिटं घालून पंख्याखाली बसतात. मी त्यांना नेहमी हसत आलोय. मीही त्यांच्यातलाच, हे कबूल करायला पन्नाशी उलटावी लागली.

गेल्या नाताळाआधी यांतलेच काहीजण ‘विंटर बघायला’ माझ्यासोबत आमच्या वटार गावच्या घरी आले; तिथे दादा-वहिनी राहतात. अंगणात वहिनीची सुकेळी वाळत होती. राजेळी केळी सोलून दिवसभर उन्हात घालायची, आणि दव पडण्याआधी उचलून केळीच्या सुक्या पानांत गुंडाळायची. दव लागलं की माल गेला.

वहिनी चर्चला निघाली. “भाऊजी, उन्हं उतरली की उचला हां. हिंव लगेच पडतं.”

“तुम्ही जा हो निर्धास्त.”

“हिंव म्हणजे?” एका पाहुण्याने विचारलं. झालं. हिंव म्हणजे आमच्याकडे दव, गारठा; ते हिमातून आलं, हिवाळाही त्यातलाच, हिवतापही. बर्फ कधी न पाहिलेल्या आमच्या गावाने शब्दातला बर्फ टाकून दिला आणि अंगावरचा काटा तेवढा ठेवला, असं मी रंगवून सांगितलं. कुणीतरी रेकॉर्ड करायला लागलं, म्हणून पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. खुर्चीचा हात ओला लागला तेव्हा शुद्धीवर आलो. ओलीच केळी घाईघाईने गुंडाळली.

“वेळेवर उचललीत ना?” वहिनीने आल्यावर विचारलं.

“हो तर.”

पुढे पानं उघडली तर आंबूस वास आणि बुरशी. दादा म्हणाला, “एवढी वर्षं घालतेस, अजून पान सुकलंय की नाही कळत नाही तुला?” आणि मी, शब्दांच्या मुळाशी जाणारा शहाणा, म्हणालो, “पानं ओलसर असतील.”

यंदा वहिनी प्रत्येक पान दोनदा गालाला लावून बघते. काल एक माझ्यापुढे धरलं. “भाऊजी, तुम्हीच बघा. माझ्या हाताचा भरवसा नाही राहिला.”

“पानं सुकीच होती, वहिनी. केळी मी उशिरा उचलली.”

तिने ते पान गालाला न लावताच केळ्यावर गुंडाळलं. “मला काय सांगता? आत तुमचे दादा बसलेत, त्यांना सांगा.”

आत टीव्हीवर थंडीच्या लाटेची बातमी चालू होती. मी चपला काढल्या आणि आत गेलो.