नान्क्याच्या लग्नातलं सालीचं कापड

तेओपिस्ताला प्रश्न विचारण्याची खोड लहानपणापासूनची. मासाका गावच्या शाळेत तिने जन्मभर भूगोल शिकवला, पण वर्गात पोरांपेक्षा तिच्याच शंका जास्त असायच्या. निवृत्त झाल्यावर ती पाद्रीबाबांना विचारी, खाटकाला विचारी, भाड्याची मोटारसायकल हाकणाऱ्या बोडावाल्याच्या मागे बसून त्याच्या इंजिनाची चौकशी करी. लोक कंटाळत. कंटाळेनात का! ती थोरली आत्या होती आणि आत्येशिवाय आमच्याकडे कुठल्याच मुलीच्या लग्नाचं पान हलत नाही.

तेव्हा भाची नान्क्या कंपालाहून आली ती थेट तिच्याकडेच. पोरगी तिथल्या पालिकेत कचऱ्याच्या खात्यात. गुडघे टेकून नमस्कार झाला न झाला तोच म्हणाली, "आत्या, माझ्या लग्नात कचरा नको."

"म्हणजे पाहुणेच नकोत म्हण की!"

"प्लास्टिकची फुलं, फुगे, बाटल्या, काही नको. जेवण केळीच्या पानातलं, पाणी मडक्यातलं."

"हे तर माझ्याच लग्नात होतं. यात नवं काय?"

"आणि मी झाडाच्या सालीचं कापड नेसणार आहे. चकचकीत परदेशी कापड नाही."

तेओपिस्ताने चहाचा कप खाली ठेवला. आमच्याकडे माणूस गेलं की त्याला सालीच्या कापडात गुंडाळतात. तिने नवऱ्याला गुंडाळलं होतं. त्यानंतर त्या कापडाला तिने बोट लावलं नव्हतं.

नान्क्याचा बाप पॉन्सिआनो, म्हणजे तेओपिस्ताचा दादा, याला हे कळलं तेव्हा त्याने आवाजसुद्धा चढवला नाही. "प्रेताचं कापड नेसून माझी मुलगी अंगणात येणार असेल, तर मी घराबाहेर येत नाही," म्हणाला. बाप बाहेर आला नाही तर मुलाकडच्यांनी बोलायचं कुणाशी? आणल्या भेटी उचलून परत जायचं. नान्क्या रडली, पण हट्ट सोडेना. शेवटी दोघांनीही तेओपिस्ताकडे बोट दाखवलं: आत्या म्हणेल तसं.

आत्येला काय म्हणावं तेच कळेना. आणि न कळलेली गोष्ट तिला रात्रभर खात राही. सकाळीच तिने बोडा ठरवला आणि ती साल बडवून कापड करणाऱ्या किवानुकाच्या वाडीत जाऊन उभी राहिली. इतकी वर्षं ते कापड पाहिलं, पण बनताना कधी पाहिलं नाही, याची तिला स्वतःचीच लाज वाटली.

उंबराच्या जातीचं झाड. किवानुकाने खोडाचा वरचा खरबरीत थर खरवडला, आतली साल उभी चिरून अखंड सोलून काढली. उघड्या ओल्या खोडाला लगेच केळीची पानं गुंडाळली.

"हे कशाला?"

"उघडं ठेवलं तर वाळेल."

"म्हणजे मरत नाही?"

"मरायला काय झालं? हे पलीकडचं माझ्या बापाने सोललेलं. दरवर्षी नवी साल धरतं."

"मग सांग, हे नवरीला चालतं का?"

किवानुकाने मोगरी उचलली. "मी बडवतो, बाई. तुम्ही त्यात काय गुंडाळता ते तुमचं तुम्ही बघा."

उत्तर काही मिळालं नाही. पण परतताना तिच्या डोक्यात एक नवाच प्रश्न शिरला, आणि बोडा तिने दादाच्या दारातच थांबवला. काखेत किवानुकाकडून घेतलेल्या सालीच्या तांबूस कापडाची घडी होती. पॉन्सिआनोने ती पाहून खुर्ची मागे ओढली.

"दादा, आपल्या आजीला या घरात आणलं तेव्हा ती काय नेसली होती?"

"मला काय विचारतेस?"

"मग कुणाला विचारू? तिच्या मांडीवर तूच वाढलास. सुती कापड तेव्हा गावात कुणाकडे होतं? एखाद्या मुखियाकडे."

पॉन्सिआनोने अंगणाकडे तोंड फिरवलं. तेओपिस्ता गप्प बसली. तिला गप्प बसणं जमतं, हे तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

"हेच," तो शेवटी म्हणाला. "बापाच्या घरून चालत आली होती. सांगताना हसायची. म्हणायची, वाटभर मान खाजत होती, पण नवी नवरी, खाजवणार कशी?"

"हे तू आजवर बोलला नाहीस!"

"तू हे सोडून बाकी सगळं विचारलंस."

त्याने हात पुढे केला, घडीचा कोपरा दोन बोटांत धरून चोळला.

"पोरीला सांग," म्हणाला, "गळ्याशी आतून मऊ सुती पट्टी शिवून घे म्हणावं. पाहुण्यांपुढे मान खाजवत बसली तर मला चालायचं नाही."