भिंतीवरच्या खेळाडूचा शर्ट

कोल्हापुरात आमच्या पेठेतल्या तालमीच्या भिंतीवर अर्जेंटिनाचा एक फुटबॉलपटू रंगवलेला आहे. तो क्लब बदलायचा, तसा आमचा पेंटर शिवादादा त्याच्या अंगावरचा शर्ट बदलायचा. स्पेनला गेला तेव्हा लाल, इटलीला गेला तेव्हा निळा. उतारवयात तो मायदेशी, आपल्या गावच्या क्लबात परतला, तेव्हा पिवळा. त्याची सगळी कारकीर्द त्या रंगांच्या थरांखाली आहे. चेहऱ्याला मात्र कुणी कधी हात लावला नाही. तो अजून विशीतलाच आहे. म्हातारे झालो ते आम्ही, बघणारे.

परवा तो निवृत्त झाल्याची बातमी आली. काल पाहतो तर शिवादादा शिडीवर चढून त्याला चौकड्यांचा, खिसा असलेला साधा शर्ट घालत होता. मीही नुकताच बस चालवण्याच्या नोकरीतून निवृत्त झालोय. खाकी उतरवल्यावर आरशातला माणूस काही दिवस परका वाटतो.

"दादा, आता पायातला बॉलपण पुसणार काय?" मी खालून विचारलं.

शिवादादानं वळूनसुद्धा पाहिलं नाही. "का? रिटायर झाला म्हणून पाय न्हाईत व्हय त्याला?"