परात मधोमध

भाजलेले शेंगदाणे, लसूण आणि लाल तिखट उखळात एकत्र कुटले जाऊ लागले, की जो एक तेलकट, ऊबदार, किंचित करपट गंध उठतो, तो माझ्या लेखी सोलापूरच्या चैत्राचा गंध आहे. इतर गावांच्या चैत्राला मोगरा असेल, कैरीचं पन्हं असेल. आमच्या गावी त्या महिन्यात आकाश पितळेसारखं तापलेलं असे, गिरण्यांच्या धुराड्यांतला धूरही वर चढायचा कंटाळा करी, कडुनिंबाखालची इवलीशी सावली गाई आणि माणसं वाटून घेत, आणि शुक्रवार पेठेतल्या एका अरुंद बोळात बसव्वाच्या खानावळीतून तो गंध बाहेर येऊन येणाऱ्याजाणाऱ्याच्या पोटाला हात घाली. एकोणीसशे तिसाच्या आगेमागेची ती वर्षं. मी मुलींच्या शाळेत शिक्षिका होते, अविवाहित होते, थोरल्या भावाच्या घरी राहत होते, आणि दर शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर दोन मैत्रिणींबरोबर त्या खानावळीत जेवत होते. यांपैकी पहिल्या तीन गोष्टी लोकांनी कशाबशा पचवल्या होत्या.

त्या दोघींची ओळख करून द्यायला हवी. रत्नम्मा माझ्याच शाळेत शिवणकाम शिकवी. तिचं घर विणकरांचं, तेलुगू बोलणारं. तिच्या मराठीत शब्दांची टोकं जरा गोल होऊन येत, आणि ती बोलत असताना हातांची बोटं नकळत सूत चाचपल्यासारखी हलत. खैरुन्निसा शेजारच्या गल्लीतल्या उर्दू शाळेत होती. उंच, सावळी, हसताना पदर तोंडाशी नेणारी. पण ते हसू पदराआड कधीच मावत नसे. आम्ही तिघी एका प्रशिक्षणवर्गात भेटलो होतो. तिथे डबा उघडायला बायकांसाठी जिन्याखालची एकच जागा होती, आणि मैत्रीला त्याहून मोठं निमित्त लागत नाही.

बसव्वाची खानावळ म्हणजे तिच्या घराची पुढची खोली. नवरा गेल्यावर तिनं गिरणीतल्या एकट्यादुकट्या माणसांना जेवू घालायला सुरुवात केली होती. ती माणसं सकाळी आणि दिवेलागणीला येत. दुपारी खोली मोकळी असे. शेणानं सारवलेली थंडगार जमीन, कौलाच्या फटीतून उतरलेला उन्हाचा एकच तिरका पट्टा, त्यात तरंगणारी पिठाची धूळ, आणि चुलीपुढे बसून स्वतःशी कानडीत काहीतरी पुटपुटणारी बसव्वा. कडक भाकरी, शेंगाचटणी, विरजलेलं घट्ट दही, भरलेलं वांगं, सणाच्या आगेमागे हुग्गी, म्हणजे गव्हाची गुळातली खीर. मला आणि रत्नम्माला ती पितळेच्या ताटात वाढी, खैरुन्निसाला पत्रावळीवर. पहिल्या दिवशी ते घडलं तेव्हा आम्ही दोघींनी ओशाळून एकमेकींकडे पाहिलं, पण खैरुन्निसा पत्रावळ नाकाशी नेऊन म्हणाली, की तिला पानाचा वास आवडतो. पुढे प्रत्येक शनिवारी ती हेच म्हणे. इतक्या वेळा तीच गोष्ट आवडीनं सांगावी लागावी, याचा अर्थ आम्हांला कळत होता; आणि तो कळतो आहे हे तिलाही ठाऊक होतं.

मग एका शनिवारी बसव्वाची सगळी ताटं शेजारच्या लग्नघरी गेली होती आणि पत्रावळीही संपल्या होत्या. तिनं क्षणभर आमच्याकडे पाहिलं, आत गेली, आणि पीठ मळायची भलीमोठी परात घेऊन आली. मधोमध वांगी, एका कडेला चटणीचा डोंगर, दुसऱ्या कडेला दही, आणि वर भाकऱ्यांची चळत. परात आमच्या तिघींच्या मध्ये ठेवून ती चुलीकडे वळली. खैरुन्निसानं पुढे केलेला हात मागे घेतला. तुम्ही दोघी आधी जेवा, मी मागाहून बसते, असं ती हलक्या आवाजात म्हणाली. रत्नम्मानं तिचं ऐकून घेतलं, वरची भाकरी उचलली, कडकन मोडली, आणि अर्धी तिच्या हातात ठेवली. मग आम्ही तिघी जेवू लागलो. दही पलीकडे होतं, ते मी लांब हात करून घेत होते, आणि तसा हात लांब करताना दोघींच्या हातांना माझा हात लागत होता. एवढंच. एका भांड्यातून जेवताना दुसऱ्याच्या भुकेचा अंदाज आपल्या बोटांना येतो. कुणाला वांग्याचा देठ आवडतो, कोण दुसरीसाठी शेवटचा घास मागे ठेवते, हे ताटांच्या कडा मध्ये असताना कळत नाही. पुढच्या शनिवारी ताटं परत आली होती. बसव्वानं विचारलं, आणि आम्ही परातच मागितली.

अशा गोष्टी गावात फार दिवस लपत नाहीत, आणि आम्ही त्या लपवतही नव्हतो. महिन्याभरात शाळेच्या कार्यकारी मंडळानं मला बोलावून घेतलं. मंडळी सभ्य होती. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. पालक कुरकुरत आहेत, मुलींपुढे आदर्श हवा, असं बरंच बोलून झाल्यावर त्यांतले वयस्क गृहस्थ समजुतीच्या स्वरात म्हणाले, की जे झालं ते नकळत घडलं एवढं मी म्हटलं, तर विषय तिथेच मिटेल.

मी म्हटलं, "नकळत कसं? मला भूक लागली होती आणि मी पूर्ण शुद्धीवर होते."

बाहेर मुली पाढे म्हणत होत्या. मंडळींनी मला विचार करायला वेळ दिला. उन्हाळी सुट्टीनंतर काय ते पाहू, असं सांगितलं. विचार करण्यासारखं मला काही दिसत नव्हतं.

घरी दादा ओसरीवर येरझाऱ्या घालत होता. माझा दादा वाईट माणूस नव्हता, हे मला आवर्जून सांगितलं पाहिजे. आईवडील गेल्यावर त्यानंच मला शिकवलं, नातेवाइकांची बोलणी खाऊन शिकवलं. म्हणून तर त्याच्यापुढे ताठ उभं राहणं मंडळींपुढे बोलण्याहून कितीतरी अवघड होतं. भटजींना बोलावू, पंचगव्य घे, दोन मंत्र होतील, कुणाच्या तोंडाला बोलायला जागा उरणार नाही, असं तो मला निरनिराळ्या शब्दांत समजावत राहिला. मग थकून खाली बसला. त्याचा आवाज उतरला होता.

"मला तुझं चुकतंय असं वाटत नाही," तो म्हणाला. "पण मला या पेठेत राहायचंय."

"मलाही याच पेठेत राहायचंय, दादा."

स्वयंपाकघराच्या दारात वहिनी उभ्या होत्या. त्यांच्या हातातलं भांडं पुसून केव्हाच कोरडं झालं होतं, तरी त्या ते पुसत होत्या. दुसऱ्या दिवसापासून माझं पान वेगळं मांडलं जाऊ लागलं, घरातल्यांपासून चार हात दूर. पत्रावळीच्या वासाची आवड कशी लागते, हे तेव्हा मला कळलं.

त्या आठवड्यात उरलेल्या दोघींच्या घरीही हेच चाललं होतं. रत्नम्माच्या जातीतले वडीलधारे तिच्या नवऱ्याकडे येऊन बसले होते. सूत ज्यांच्याकडून यायचं तीच माणसं ती, तेव्हा मागावर बसणाऱ्यानं त्यांना काय उत्तर द्यायचं? खैरुन्निसाचा भाऊ म्हणत होता, की परक्यांच्या खानावळीत बसून आपल्या घरची लेक पत्रावळीवर जेवते आणि आता तिच्यामुळे शहरभर बोभाटा होतो, यात कसला मान आहे? त्याचं म्हणणं मला खोडता आलं नसतं. तीन घरं, तीन भाषा, तीन देव; पण आमच्या परातीविषयी मात्र सगळ्यांचं एकमत झालं होतं. असा एकोपा त्या शहरात मी एरवी पाहिला नव्हता.

शनिवार उजाडला. मी घरून निघाले तेव्हा बोळातल्या खिडक्या नेहमीपेक्षा जास्त उघड्या होत्या. ऊन असं होतं की धुळीचा वासही भाजल्यासारखा येत होता. खानावळीत पोचले तर गिरणीतला एक नेहमीचा गिऱ्हाईक भर दुपारी येऊन दारात उभा होता आणि बसव्वाला ऐकवत होता, की हे असंच चालणार असेल तर तो आणि त्याच्याबरोबरचे लोक दुसरीकडे जेवतील. बसव्वा चुलीपुढून उठली नाही. तव्यावरची भाकरी तिनं उलटली, मग मान वळवली.

"परात माझी हाय. घासनार मी," ती म्हणाली. "मग तुमचे हात कशापायी दुखायलेत?"

तो गेला. त्याच्याबरोबरचे खरोखरच कितीजण गेले, हे बसव्वानं मला कधी सांगितलं नाही. पुढचे काही महिने तिच्या चुलीवर भाकऱ्यांची चळत लहान दिसे, एवढं मी पाहिलं.

मी परातीपाशी बसले आणि वाट पाहू लागले. रत्नम्मा आली नाही. तिच्या शेजारच्या एका बाईनं येऊन निरोप दिला, की ती येऊ शकत नाही आणि तिला समजून घ्या. समजून घेण्यासारखंच होतं ते, आणि तरीही त्या मोकळ्या जागेकडे बघवेना. गिरणीचा भोंगा झाला. भाकऱ्या गार होऊ लागल्या. आपण एकटीनं या परातीत हात घालायचा का, आणि घातला तर त्याला काय अर्थ, असा विचार माझ्या मनात येत असतानाच बोळाच्या तोंडाशी पडदे सोडलेला एक टांगा थांबला. त्यातून खैरुन्निसा उतरली, आणि तिच्या मागून, तिचा हात धरून, बुरखा घेतलेली एक वयस्क बाई. ती तिची आई होती. बोळातल्या सगळ्या खिडक्यांच्या देखत ती सावकाश चालत आली, आत येऊन तिनं बुरखा मागे टाकला, घाम पुसला, आणि परातीपुढे अशी ऐसपैस बसली, जणू लहानपणापासून इथेच बसत आली होती.

"घर में सब झगड़ रैं, ये वहाँ क्या खाती बोलके," ती माझ्याकडे बघत म्हणाली. "मैं बोली, मैं जाके खाकेच देखती."

आणि तिनं भाकरीचा तुकडा मोडला, चटणीत बुडवला, तोंडात घातला. आम्ही तिघीही, चुलीपुढची बसव्वासुद्धा, तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. तिखट लागून तिचे डोळे भरून आले. तिनं डोळे पुसले, पाणी मागितलं, आणि दुसरा घास घेतला. मग बसव्वा उठली, एरवी सणाला करायची ती हुग्गी तिनं त्या दिवशी का केली होती कोण जाणे, ती वाडगाभर आणून परातीत ओतली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच गिऱ्हाइकांबरोबर खाली बसली. रत्नम्माच्या जागेवर.

लोक मला पुढे विचारत, की हे बंड करायचं तुम्हांला सुचलं कसं. आम्हांला काहीच सुचलं नव्हतं. आम्ही जेवायला बसलो होतो. बंड हा शब्द इतरांनी आणून त्या परातीत वाढला. एकदा वाढल्यावर मात्र मी तो टाकला नाही, आणि आज इतक्या वर्षांनी कुणी पुन्हा विचारलं, नकळत घडलं का, तर माझं उत्तर तेच आहे.

सुट्टीनंतर शाळेनं मला परत घेतलं नाही. गावाच्या दुसऱ्या टोकाला एका लहान शाळेत मला काम मिळालं, आणि दादाला दोन्ही बाजूंनी ओढलं जाताना बघवेना म्हणून मी शुक्रवार पेठेतच, दोन गल्ल्या सोडून, एक खोली घेतली. पेठ मी सोडली नाही. खैरुन्निसा आणि मी पुढेही शनिवारी जेवत राहिलो. रत्नम्मा पुन्हा कधी आली नाही. रस्त्यात भेटली की ती माझा हात धरून उभी राही, चारचौघांत, आणि बोलणं संपलं तरी हात सोडायचं तिला भान राहत नसे.

त्या खोलीत राहायला गेल्यानंतरच्या पहिल्या श्रावणात एका दुपारी वहिनी आल्या. दादा कचेरीत होता. बाहेर ऊनपावसाचा खेळ चालला होता. भिंतीवर उजेड येत होता, जात होता. त्या बराच वेळ माझी खोली, माझी चूल, माझी दोन भांडी न्याहाळत होत्या. मी थालीपीठ लावलं होतं. ते एकच होतं आणि ताटही एकच बाहेर होतं. मी लोण्याचा गोळा घातला आणि ताट आम्हां दोघींच्या मध्ये ठेवलं. ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं, की मी काय केलं. माझ्या हातचं पाणी घेणंसुद्धा त्यांना घरी जाऊन सांगण्यासारखं नव्हतं.

"आधी तुम्ही घ्या, वन्सं," त्या म्हणाल्या. आयुष्यभर त्या सगळ्यांच्या मागून जेवत आल्या होत्या.

"नाही. बरोबर घेऊ या."

त्यांनी हात धुतले. पदराला पुसले. उजवा हात ताटाच्या कडेशी आणून थांबवला. लोणी वितळून थालीपीठाच्या भोकांत उतरत होतं. मी घाई केली नाही. बसव्वाच्या परातीभोवती आम्ही किती जणी बसलो होतो, हे मला इतके दिवस पक्कं ठाऊक आहे असं वाटत होतं. त्या क्षणी वाटलं, आपली मोजणी चुकली असावी. कुणाकुणाची भूक त्या परातीपर्यंत येऊन, आपल्याला न दिसता, कधीपासून तिष्ठत बसली असेल. वहिनींचा हात अजून तिथेच होता, आणि मी माझाही त्याच्या शेजारी तसाच ठेवून बसले होते.