अर्ध्या माशाबरोबर बोरिवलीपर्यंत

“मासा आहे म्हणते, आणि वास कुठाय गं?”

हे माझ्या मागच्या सीटवरून आलं. मुलुंडहून घाटकोपरकडे निघालेली बस सिग्नलला थांबली होती, त्यामुळे कुजबुजही स्वच्छ ऐकू आली.

“सुका असेल,” दुसरी म्हणाली.

“सुक्याला तर जास्त येतो! काहीतरीच.”

मी मांडीवरची पिशवी पोटाशी धरली. चूक माझीच होती. कंडक्टरने तिकीट फाडताना, “मॅडम, एवढं जड काय आहे?” असं विचारलं आणि मी “मासा” म्हणाले. दगड म्हटलं असतं तर त्याने कसला, कशाला, कुठे, असे आणखी प्रश्न विचारले असते. मासा म्हटलं की मुंबईत कोणी पुढे विचारत नाही, असा माझा समज होता.

आणि ते खोटंही नव्हतं. पिशवीत जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळलेला, शाळेतल्या पाटीएवढा एक दगड होता, आणि त्या दगडात मासा होता. चंद्रपूरपलीकडे एका नदीच्या काठावर माझ्या सरांना तो सापडला होता. हातोडीच्या घावाने दगड पुस्तकासारखा उघडला आणि माशाचे दोन अर्धे झाले, एक या पानावर, एक त्या पानावर. सरांचा नियम होता की असे दोन अर्धे एका छपराखाली ठेवायचे नाहीत. एक घर पडलं तर दुसऱ्या घरातला तरी राहील. म्हणून एक अर्धा बोरिवलीला त्यांच्या कपाटात होता आणि एक मुलुंडला माझ्या टेबलावर.

त्या दिवशी मी नियम मोडायला निघाले होते. सर जाऊन महिना होत आला होता. त्यांचा शेवटचा लेख टाइप होऊन तयार होता आणि संध्याकाळी सहा वाजता त्यांचे एक जुने मित्र तो छापायला न्यायला बोरिवलीला येणार होते. लेखातलं चित्र माझं होतं. त्या चित्रात माशाच्या गालावर मी एक रेष काढली होती, आणि त्या रेषेवर साऱ्या लेखाचा डोलारा उभा होता. ती खरी आहे का, हे दोन्ही अर्धे शेजारी ठेवल्याशिवाय मला कळणार नव्हतं.

घाटकोपरला बस बदलून मी आधी माहुलला गेले. सरांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, पोस्टकार्डावर लिहिलं होतं, “हिराबाईंना कळवायचं राहून गेलं आहे. येण्याआधी त्यांच्याकडे जाऊन ये.” माहुलमध्ये शिरताना आधी रिफायनरीची चिमणी दिसते, तिच्या टोकाची ज्योत दिवसाही फिकट पेटलेली असते. मग गॅसचा गोडसर वास, मग तिवरांची झुडपं, आणि सगळ्यात शेवटी चिखलात तिरक्या बसलेल्या होड्या. ओहोटी होती. दोरीवर बोंबील वाळत होते.

कोळीवाड्यातल्या हिराबाई सरांसाठी माशांची डोकी राखून ठेवायच्या. दगडातलं एखादं हाड कळेनासं झालं, की सर माहुलला यायचे, एखादं ताजं डोकं उकळून हाडं सुटी करायचे आणि दोन्हींची तुलना करायचे. मी दोनदा त्यांच्याबरोबर आले होते. हिराबाईंनी मला ओळखलं.

“एकटीच आलीस गो? मास्तर कुठं हाय?”

मी उभीच राहिले. वाक्य मी बसमध्ये जुळवून ठेवलं होतं, पण ते तोंडातून निघेना.

“बरा हाय ना?”

मी खाली बघितलं. त्यांच्या हातातली सुरी थांबली.

“कवा?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी सुरी खाली ठेवली. मग हात धुऊन आत गेल्या आणि माझ्यासाठी भात आणि करलीची आमटी घेऊन आल्या. करली (लांब, चपटा मासा, चवीला उत्तम पण काट्यांनी गच्च) खायला मला तास लागला असता. माझी धडपड बघून त्या हसल्या, डोळे पुसत हसल्या.

“तुझा मास्तर जेवायचा तेव्हा मजा. एकेक काटा ताटाच्या कडेला मांडायचा, डोक्याकडून शेपटीकडं. जेवण झालं की मासा पुन्हा उभा! आनि एक जरी काटा उरला, ह्याची जागा कुठली म्हणून, तर उठायचा नाय. मी म्हनायची, मास्तर, ताट द्या आता, मला भांडी घासायचीत. तर म्हणायचा, थांब हिरे, उरलेला काटा खोटं बोलत नाय.”

निघताना त्यांनी मला वर्तमानपत्रात बांधलेलं एक पुडकं दिलं. “घोळीचं डोकं हाय. त्याच्यासाठीच ठेवलेलं. आता तू बघ.”

घोळीच्या डोक्याला मात्र वास होता. अंधेरीच्या बसमध्ये मी बसताच शेजारचे गृहस्थ उठून उभे राहिले आणि कंडक्टर म्हणाला, “ताई, मच्छी खाली ठेवा, लोकांची वाट लागली.” सकाळी वास नव्हता म्हणून संशय, दुपारी वास आहे म्हणून तक्रार. मी साकीनाक्याला उतरले, पुडकं आणखी दोन वर्तमानपत्रांत गुंडाळलं आणि पुढची बस घेतली. सर बरोबर असते तर त्यांनी साऱ्या बसला घोळीच्या जबड्याचं व्याख्यान दिलं असतं.

त्या जबड्याबद्दल इथे थोडं सांगायला हवं. बांगडा, रावस, घोळ, आपल्या ताटात येणारे जवळजवळ सगळे मासे एका मोठ्या कुळातले. त्यांचे पोहायचे पर पंख्यासारखे, पातळ पडद्याला हाडांच्या काड्यांचा आधार. या कुळातले अगदी सुरुवातीचे मासे आज दिसत नाहीत, फक्त दगडात भेटतात. त्यांचे खवले जाड आणि चकचकीत, कौलांसारखे रांगेत बसवलेले. शेपटीचा वरचा भाग लांब, मुशीच्या, म्हणजे लहान शार्कच्या, शेपटीसारखा. आणि वरचा जबडा गालाच्या हाडाला घट्ट सांधलेला, त्यामुळे तोंड पेटीच्या झाकणासारखं नुसतं उघडायचं आणि मिटायचं. पुढे कधीतरी या वंशवृक्षाच्या एका फांदीवर तो जबडा गालापासून सुटा झाला. मग मासे तोंड पुढे काढून भक्ष्य ओढून घ्यायला शिकले. आजचे बहुतेक मासे त्या सुट्या जबड्याचे वंशज.

आमच्या माशाच्या गालावरची रेष जर दोन हाडांमधला सांधा असेल, तर हा मासा नेमका त्या वळणावर उभा होता, जबडा सुटू लागलेला. सरांचा लेख हेच म्हणत होता. ती नुसती भेग असेल, तर तो जुन्या घट्ट गालाच्या माशांपैकी आणखी एक.

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. हाडांची लॅटिन नावं मला पाठ होती, पण सर म्हणायचे, “आधी मराठीत सांग. कुठलं हाड कुठे टेकतं, ते आईला समजेल असं सांग.” मला ते जमायचं नाही. मला एकूणच मोठ्याने काही सांगायला जमायचं नाही. शेवटच्या वर्षी साखरेमुळे सरांची नजर गेली, मग मी सूक्ष्मदर्शकातून बघायची आणि ते विचारायचे. एकदा त्यांनी विचारलं, “गालावरची ती रेष नक्की आहे ना? नुसती भेग नाही ना?”

मला माहीत नव्हतं. माझ्या अर्ध्यात नेमका तिथपासून टोकापर्यंतचा दगड फुटलेला होता आणि सरांनी पूर्वीच तिथे प्लॅस्टर भरलं होतं. रेष हाडाच्या कडेपर्यंत यायची आणि प्लॅस्टरपाशी संपायची. पुढे ती जाते की नाही, हे दिसत नव्हतं. तुमच्याकडचा अर्धा बघू का, एवढंच विचारायचं होतं. मी गप्प राहिले.

“गप्प आहेस म्हणजे आहे,” सर हसून म्हणाले. “नसती तर तू एव्हाना कुरकुरली असतीस.” आणि ते इतके खूश झाले की मग मला बोलताच आलं नाही.

अंधेरीला फोटोच्या दुकानातून चित्राची छापायची प्रत घ्यायची होती. दुकानदार पूर्वी परळच्या गिरणीत होता. गिरणी बंद पडल्यावर मेव्हण्याच्या या दुकानात आला. त्याने प्रत उजेडात धरली.

“मॅडम, बघा, ही मधली रेघ काय झकास आलीय! एकदम कडक.”

खरंच कडक आली होती. दगडापेक्षा कागदावर ती कितीतरी जास्त खरी दिसत होती.

बोरिवलीला पोचले तेव्हा साडेचार वाजले होते. काकूंच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून नॅशनल पार्कची टेकडी दिसते. सर तिथेच बसायचे. खुर्ची तशीच होती, फक्त तिच्यावर आता इस्त्रीचे कपडे होते. काकूंनी घोळीचं पुडकं कसलाही प्रश्न न विचारता ओट्याखाली ठेवलं, चाळीस वर्षांची सवय. मग कपाटातून जुन्या लुगड्यात गुंडाळलेला दुसरा अर्धा काढला.

मी दोन्ही दगड खिडकीतल्या टेबलावर शेजारी ठेवले. खवल्याला खवला, काडीला काडी. इतकी वर्षं वेगळ्या घरांत राहिलेला मासा एका जागी आला.

सरांच्या अर्ध्यात प्लॅस्टर नव्हतं. गालावरची रेष हाडाच्या कडेला आली, थांबली नाही, हाड सोडून पुढे कोऱ्या दगडात गेली आणि सरळ पाटीच्या टोकापर्यंत पोचली. सांधा हाडाबाहेर जात नाही. भेग जाते.

“जुळलं का गं?” काकूंनी विचारलं.

“जुळलं,” मी म्हणाले. दगड जुळले होतेच.

काकूंनी चहा टाकला. चहाबरोबर त्या बोलत राहिल्या, मला बोलायची गरज पडली नाही. “ती रेष सापडली ना, म्हणून शेवटचे महिने बरे गेले बघ यांचे. दिसत नव्हतं, पाय सुजलेले, पण रोज सकाळी मला म्हणायचे, वाच. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण सगळं पाठ झालंय. म्हणायचे, पोरीने डोळे दिले मला.” त्यांनी टेबलावरचं खाकी पाकीट माझ्यापुढे सरकवलं. “चित्र यात घाल, म्हणजे सहाला देऊन टाकते.”

मी चित्र पाकिटात घातलं. स्वतःच्या हाताने. माझा दगड टॉवेलमध्ये गुंडाळला, काकूंच्या पाया पडले आणि खाली उतरले.

स्टॉपवर माझ्याशिवाय एक म्हातारे गृहस्थ होते. टेकडीवर ऊन उतरत होतं. पिशवी सकाळइतकीच जड होती. मी स्वतःला समजावत होते, की सर गेले, त्यांना आता काय फरक पडतो. तो मासा तर कोट्यवधी वर्षांपूर्वीच मेलेला. कुठल्या फांदीवर त्याला बसवलं यावरून जगात कोणाचं काही बिघडणार नाही. काकूंचं मात्र बिघडेल.

बस आली. म्हातारे गृहस्थ चढले. कंडक्टरने माझ्याकडे बघून घंटेच्या दोरीला हात घातला. “येताय का?”

माझ्या डोळ्यांसमोर माहुलचं ते ताट आलं. सगळे काटे कडेला मांडलेले, एक उरलेला, आणि सर बसून राहिलेले.

मी नाही म्हणून मान हलवली. बस गेली. दोन जिने चढून मी बेल दाबली. काकूंनी दार उघडलं. हातात खाकी पाकीट होतं, त्यावर त्या मित्राचं नाव घालत होत्या.

“काय गं, विसरलीस काही?”

“काकू, ते पाकीट देऊ नका,” मी म्हणाले. “ती रेष हाडांची नाही, दगडाला पडलेली भेग आहे. सरांनी मला विचारलं होतं, आणि मी गप्प बसले.”